इतिहासाची पदवी हातात आहे, काम कुठे शोधायचं?

एमए झाल्यावर दिलेल्या पहिल्याच मुलाखतीत मला विचारलं, "तुम्हाला काय येतं?" मी प्रबंधाचा विषय सांगितला: एका बंदराच्या जकातीच्या वह्या, पन्नास वर्षांचा कालखंड, व्यापाऱ्यांची घराणी. समोरच्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला उत्तर देता आलं नाही आणि ते काम मिळालं नाही.

उत्तर सापडायला दीड वर्ष गेलं. ते असं आहे: "तीन-चार कारकुनांच्या हस्ताक्षरांतल्या सुमारे चार हजार नोंदी मी वाचल्या आणि एका तक्त्यात आणल्या. कुठली नोंद त्याच दिवशी केलेली आणि कुठली मागाहून घुसडलेली, हे शाई, क्रम आणि बेरजा पाहून ठरवलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष माझी टिपणं हातात घेऊन कुणालाही तपासता येईल." प्रबंध तोच. पहिल्या वेळी मी कशाविषयी वाचलं ते सांगत होते, दुसऱ्या वेळी मी काय केलं ते. विद्यापीठाबाहेर पगार मिळतो तो या दुसऱ्या गोष्टीला, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत.

हे ज्यांनी नुकतीच पदवी घेतली त्यांच्यासाठी आहे, प्राध्यापकीच्या जागेची वाट पाहून थकलेल्यांसाठी आहे, आणि पीएचडी अर्ध्यावर ठेवलेल्यांसाठीही आहे. बाहेर पडताना अपराधी वाटतं, ते मला माहीत आहे. २०११ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष अँथनी ग्राफ्टन आणि कार्यकारी संचालक जेम्स ग्रॉसमन यांनी मिळून एक लेख लिहिला. विद्यापीठाबाहेरच्या कामाला 'प्लॅन बी' समजणं आता थांबवा, असं त्यात त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना सांगितलं होतं. मला तो लेख फार उशिरा वाचायला मिळाला.

पायरी १: विषय बाजूला ठेवा, केलेली कामं लिहून काढा

एक वही घ्या. प्रबंध किंवा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प समोर ठेवा आणि तो तयार होताना आठवड्या-आठवड्याला काय केलंत ते क्रियापदांत लिहा. शोधलं, परवानगी मिळवली, वाचलं, उतरवून घेतलं, ताडून पाहिलं, भाषांतर केलं, तारखा जुळवल्या, मुलाखत घेतली, छाटलं, पुन्हा लिहिलं, वेळेत दिलं. प्रत्येकापुढे आकडा टाका: किती पानं, किती पेट्या, किती माणसं, किती दिवस. आकडा नक्की आठवत नसेल तर टिपणं काढून मोजा, अंदाजे फुगवून लिहू नका.

मग त्यातली कुठली कामं करताना वेळेचं भान राहिलं नाही, त्यांच्यावर खूण करा. हे मी गोडवा म्हणून सांगत नाही. मला कागद लावण्यात आनंद होता, लोकांसमोर बोलण्यात नव्हता. तरी पहिलं वर्षभर मी संग्रहालयात माहिती सांगण्याच्या जागांसाठीच अर्ज करत राहिले, कारण 'इतिहासवाल्यांनी तिथे जायचं असतं' अशी समजूत. ही खूण आधी केली असती तर ते वर्ष वाचलं असतं.

अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने बाहेर काम करणाऱ्या इतिहासकारांशी बोलून पाच गोष्टी काढल्या होत्या, ज्या आधी शिकायला हव्या होत्या असं त्यांना वाटलं: वेगवेगळ्या लोकांना कळेल असं मांडणं, इतरांसोबत काम करणं, आकड्यांची भीती नसणं, संगणकावरची साधनं हाताळता येणं, आणि आपल्या विषयाबाहेरच्या प्रश्नाला हात घालण्याचा बौद्धिक आत्मविश्वास. तुमच्या यादीत यातलं काय नाही ते पाहून ठेवा. पायरी ५ मध्ये ते लागेल.

पायरी २: काम कुठे असतं ते पाहा

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांना संग्रहालय, पर्यटन आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडचं काही कुणी सांगितलेलंच नसतं.

दप्तरखाने आणि कागदपत्रांची व्यवस्था. सरकारी पुराभिलेखागार सगळ्यांना माहीत असतं. पण कंपन्यांचीही दप्तरं असतात. जर्मनीत क्रुप या पोलाद कंपनीने १९०५ मध्ये आपलं ऐतिहासिक दप्तर उभं केलं, सीमेन्सने १९०७ मध्ये. भारतात टाटा समूहाचं मध्यवर्ती दप्तर १९९१ पासून आहे, गोदरेजचं २००६ पासून. कंपनीला याची गरज काय, असं कुणी विचारलं तर लिव्हाय स्ट्रॉसचं उदाहरण द्या. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि नंतरची आग यांत त्यांचं मुख्यालय जळालं आणि त्याआधीची जवळजवळ सगळी कागदपत्रं गेली. आता ही कंपनी स्वतःचीच एकोणिसाव्या शतकातली पँट लिलावात बोली लावून परत विकत घेते. १९८९ पासून त्यांच्याकडे पगारी इतिहासकार आहे.

दप्तराच्या जवळचंच, पण कितीतरी मोठं क्षेत्र म्हणजे रेकॉर्ड्स मॅनेजमेंट. कुठला कागद किंवा ईमेल किती वर्षं ठेवायचा, कुणाला दाखवायचा, कधी नष्ट करायचा आणि नष्ट केल्याची नोंद कशी ठेवायची, हे ठरवणारं काम. रुग्णालयं, बँका, नगरपालिका, औषध कंपन्या, न्यायालयं, सगळीकडे ते लागतं. त्याला २००१ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १५४८९. ऐकायला रुक्ष वाटतं. पण कागद नीट न ठेवल्याने पन्नास वर्षांनी काय होतं, ते आपण दुसऱ्या टोकाला बसून पाहिलेलं असतं. प्रबंधाच्या वेळी "या वर्षाच्या वह्या उपलब्ध नाहीत" हे वाक्य ज्याने ऐकलंय, त्याला हे काम शिकवावं लागत नाही. नवख्यांनी सर्वांत आधी इथे पाहावं असं माझं ठाम मत आहे.

जमीन, पाणी आणि न्यायालयं. १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत रॉबर्ट केली यांनी विद्यापीठाबाहेरच्या कामासाठी इतिहासकार घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. 'पब्लिक हिस्टरी' हे नाव तिथून रूढ झालं. केली स्वतः पूर आणि पाण्याच्या हक्कांच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देत असत, म्हणून त्यांना ही गरज दिसली. न्यूझीलंडमध्ये १८४० साली ब्रिटिशांनी तिथल्या मूळनिवासी माओरींशी केलेल्या कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकायला १९७५ मध्ये वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. १९८५ मध्ये कायदा बदलून १८४० पर्यंत मागे जाणारे माओरी लोकांचे दावे ऐकण्याची मुभा मिळाली आणि जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा माग काढायला इतिहास-संशोधकांची फळीच लागली. २००० साली लंडनमध्ये निकाल लागलेल्या ज्यूंचा नाझी संहार नाकारणारा लेखक डेव्हिड अर्व्हिंग याच्या खटल्यात इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी अर्व्हिंगच्या तळटिपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. त्या कामात त्यांच्यासोबत दोन संशोधक विद्यार्थी होते. तळटीप तपासणं हे काम किती वजनदार असू शकतं, हे मला त्या खटल्याबद्दल वाचताना कळलं.

याच वर्गात एक अगदी अनपेक्षित काम आहे: जागेचा पूर्वेतिहास काढणं. जर्मनीत बांधकामाआधी दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी विमानातून काढलेली छायाचित्रं तपासतात, कारण न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. अमेरिकेत व्यावसायिक जमीन घेताना ती पूर्वी दूषित झाली आहे का हे पाहायला जुने नकाशे धुंडाळतात. त्यात १८६७ मध्ये सुरू झालेल्या सॅनबोर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले नकाशे फार कामी येतात, कारण कुठल्या इमारतीत काय चालायचं आणि ती कशाची बांधलेली होती, हे त्यांवर लिहिलेलं असतं. पर्यावरण-सल्लागार कंपन्या या कामाला माणसं घेतात. जाहिरातीत इतिहासाचा शब्दही नसतो.

वस्तूंचा माग. चित्र किंवा मूर्ती आजच्या मालकाकडे कुणाकडून, कशी आणि कुठल्या कागदानिशी आली, याला प्रॉव्हेनन्स संशोधन म्हणतात. १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी नाझी काळात लुबाडलेल्या कलाकृतींविषयीची तत्त्वं मान्य केली, त्यानंतर संग्रहालयं आणि लिलावघरं यांना हे काम टाळता येईनासं झालं. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिनच्या (आजच्या नायजेरियातल्या) राजवाड्यातून लुटलेल्या कांस्यमूर्ती परत देण्यावरून गेली काही वर्षं जी बोलणी चालू आहेत, त्यांच्यामागेही असाच कुणीतरी खरेदीच्या वह्या आणि जहाजांच्या याद्या वाचत बसलेला असतो.

पडताळणी आणि विश्लेषण. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने १९२७ मध्ये एका कवयित्रीवरच्या चुकांनी भरलेल्या लेखामुळे नामुष्की ओढवल्यावर तथ्यपडताळणीचा विभाग सुरू केला. त्याहून मोठं उदाहरण शर्मन केंट यांचं. येल विद्यापीठातले हे इतिहासाचे प्राध्यापक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागात गेले आणि पुढे सीआयएमध्ये अंदाज वर्तवणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख झाले. १९५१ च्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असं लिहिलं होतं. केंट यांनी अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं की या शब्दांतून नेमकी किती शक्यता अभिप्रेत होती. कुणी म्हणालं ऐंशी टक्के, कुणी म्हणालं वीस. पुढे १९६४ मध्ये त्यांनी 'जवळजवळ नक्की', 'बहुधा' अशा शब्दांना आकड्यांच्या मर्यादा सुचवणारा निबंध लिहिला. आज बँका आणि सल्लागार कंपन्या एखाद्या व्यक्तीची किंवा व्यवहाराची पार्श्वभूमी तपासतात, त्या ड्यू डिलिजन्सच्या कामाचा गाभा हाच आहे: ही माहिती कुणी दिली, त्याचा हेतू काय, दुसरा स्वतंत्र पुरावा आहे का, आणि मग मी किती खात्रीने बोलू शकते.

विज्ञानाच्या सोबतीने. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'ओल्ड वेदर' प्रकल्पात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या रोजनिश्या स्वयंसेवकांनी उतरवल्या, त्यांतल्या हवामानाच्या नोंदी आजच्या अभ्यासकांना हव्या होत्या. आणि माझं सर्वांत आवडतं उदाहरण: अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर साधारण १७०० च्या सुमारास प्रचंड भूकंप झाला होता, हे भूगर्भशास्त्रज्ञांना बुडालेल्या जंगलांवरून कळत होतं, पण दिवस कळत नव्हता. जपानमधल्या जुन्या नोंदींत भूकंपाचा धक्का न बसता आलेल्या लाटांचा उल्लेख सापडला आणि त्यावरून हिशेब करून २६ जानेवारी १७०० ही तारीख निघाली. १९९६ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. जुन्या काळच्या कारकुनांनी लाटेने झालेलं नुकसान लिहून ठेवलं, म्हणून समुद्रापलीकडच्या धोक्याचा अंदाज आला. पूर, दुष्काळ, साथी यांवर काम करणाऱ्या संस्थांना अशी कागदं वाचणारा माणूस हवा असतो.

गोष्ट सांगण्याची कामं, म्हणजे संग्रहालयातली मांडणी, माहितीपट, पॉडकास्ट, ऐतिहासिक खेळ आणि मालिकांसाठी सल्ला, वारसा फेऱ्या, शालेय साहित्य, ही सगळ्यांना माहीत असतात म्हणून त्यांत गर्दीही जास्त असते. आवड असेल तर जरूर करा, पण एकट्या त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. मौखिक इतिहासाचं मात्र वेगळं आहे. कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी त्याचं पहिलं संघटित कार्यालय सुरू केलं. आज रुग्णालयं, कामगार संघटना, उद्योग, विकास संस्था आपल्या जुन्या माणसांच्या मुलाखती जतन करून घेतात. यात बोलतं करण्याची हातोटी लागते आणि चिकाटी त्याहून जास्त: एका तासाचं ध्वनिमुद्रण हाताने उतरवायला चार ते सहा तास सहज जातात. वंशावळ आणि वारसांचा शोध हेही तसंच, छोटं पण खरं क्षेत्र.

पायरी ३: शोधायचे शब्द बदला

नोकरीच्या संकेतस्थळावर 'इतिहासकार' टाकाल तर पान रिकामं येईल. पायरी १ मधली क्रियापदं घ्या आणि ती कुठल्या पदनामाखाली लपलेली आहेत ते पाहा: आर्काइव्हिस्ट, रेकॉर्ड्स मॅनेजर, रिसर्च अ‍ॅनालिस्ट, ड्यू डिलिजन्स असोसिएट, नॉलेज मॅनेजर, फॅक्ट-चेकर, मेटाडेटा स्पेशालिस्ट, पॉलिसी रिसर्चर, कलेक्शन्स असिस्टंट, हेरिटेज कन्सल्टंट, कंटेंट एडिटर, ग्रँट रायटर. दहा-बारा जाहिराती छापून घ्या आणि दस्तऐवज वाचतो तशा वाचा. कुठला शब्द परत परत येतो? काय 'आवश्यक' आहे, काय 'असल्यास उत्तम'? काय लिहिलेलं नाही? जाहिरात हेही एक साधनच आहे, कुणीतरी कुठल्या तरी गरजेपोटी लिहिलेलं.

पायरी ४: काम करणाऱ्यांशी बोला

ही पायरी लाजेपायी बहुतेकजण गाळतात. नोकरी मागायला जाऊ नका, काम समजून घ्यायला जा. छोटा निरोप पुरतो:

"नमस्कार. मी इतिहासात एमए केलं आहे. जकातीच्या नोंदींवर काम करताना दप्तर लावण्याच्या कामात रस निर्माण झाला. तुम्ही हे काम रोज करता, म्हणून तुमच्याकडून वीस मिनिटं समजून घ्यायला आवडेल. फोनवर चालेल, तुमच्या सोयीने. नोकरीसाठी विचारत नाही."

शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळा. प्रश्न नेमके हवेत: कालचा दिवस कसा गेला? नवा माणूस पहिल्या सहा महिन्यांत कुठे चुकतो? कुठलं कौशल्य तुम्हाला इथे येऊन शिकावं लागलं? आणि उठता उठता, "आणखी कुणाशी बोलू?" मी अशी अकरा जणांशी बोलले. त्यातल्या चौघांनी मी कधी न ऐकलेलं पदनाम सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे आभार पाठवा, आणि त्यांनी सुचवलेलं काही केलंत तर महिन्याभराने तेही कळवा.

पायरी ५: एक उणीव भरून काढा, एकच

घाबरून आणखी एक पदवी घेऊ नका. अपवाद एक: काही देशांत आणि काही सरकारी जागांसाठी अभिलेखशास्त्राची किंवा संग्रहालयशास्त्राची पदविका सक्तीची असते. पायरी ३ मधल्या जाहिरातींत ती 'आवश्यक' म्हणून दिसत असेल तर तो अभ्यासक्रम करावाच लागेल.

बाकीच्यांनी आधी स्प्रेडशीट नीट शिकावी. तारखा एकाच पद्धतीने भरणं, एका रकान्यात एकच गोष्ट ठेवणं, मूळ नोंद आणि तुमचं वाचन यांना वेगळे रकाने देणं, एवढं आलं तरी तुम्ही निम्म्या अर्जदारांच्या पुढे असता. दप्तराच्या वाटेला जायचं असेल तर डब्लिन कोअर आणि आयसॅड-जी ही वर्णनाची मानकं वाचा. त्याआधी अभिलेखशास्त्राचं मूळ सूत्र मनात पक्कं करा: ज्या व्यक्तीने किंवा कार्यालयाने कागद निर्माण केले, त्यांचे कागद एकत्र आणि शक्यतो त्यांनी लावलेल्या क्रमाने राहू द्यायचे. यातल्या पहिल्या भागाचा, म्हणजे एका कार्यालयाचे कागद एकत्र ठेवण्याचा, सरकारी आदेश फ्रान्समध्ये १८४१ मध्ये निघाला. आपल्याला विषयवार टाचणं काढायची सवय असते, त्यामुळे पहिल्या दिवशी उत्साहाने पेटीतले कागद विषयवार लावायला घेण्याची चूक हमखास होते. मी केली आहे. तो मूळ क्रम परत आणता आला नाही, आणि त्याची खंत अजून आहे.

जमिनीच्या कामासाठी क्यूजीआयएससारखं नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिका. हस्तलिखितांसाठी ट्रान्सक्रिबससारखी यंत्रवाचनाची साधनं वापरून पाहा. यंत्र पान भराभर उतरवतं, पण नावं आणि आकडे चुकवतं, आणि ती चूक पकडायला ती लिपी येणारा माणूसच लागतो. जुनी लिपी किंवा दुसरी भाषा येत असेल तर ती सोडू नका, ही शिदोरी फार थोड्यांकडे असते.

पायरी ६: दोन पानांचा नमुना तयार करा

सगळ्या पायऱ्यांत ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दीडशे पानांचा प्रबंध कुणी उघडत नाही. दोन पानं वाचली जातात.

एक प्रश्न निवडा, ज्याचं उत्तर कुणाला तरी खरंच हवं असेल. नवख्यांना मी नेहमी हा सुचवते: एखाद्या संस्थेने सांगितलेलं स्थापनावर्ष बरोबर आहे का? सोपा दिसतो, पण यात सगळं येतं. संस्थेच्या फलकावर एक साल असतं. नोंदणीच्या कागदावर दुसरं. जागा त्याच्याही आधी घेतलेली असते, उद्घाटनाची बातमी वर्षभराने छापून आलेली असते, आणि पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत कुणीतरी सोयीचं साल धरून टाकलेलं असतं. मग 'स्थापना' म्हणायचं कशाला? सगळ्यांना पाहता येतील अशी तीन-चार साधनं घ्या आणि लिहा.

मांडणी प्रबंधाच्या उलट ठेवा. पहिल्याच परिच्छेदात उत्तर. दुसऱ्यात तुम्हाला किती खात्री आहे आणि का; केंट यांचा धडा इथे वापरा आणि 'कदाचित', 'बहुधा', 'जवळजवळ नक्की' हे शब्द तोलून घाला. मग पुरावा, साधनागणिक एक छोटा परिच्छेद: हे कुणी, कधी, कशासाठी लिहिलं आणि त्यावर किती विसंबायचं. मग काय सापडलं नाही आणि ते कुठे असू शकेल. शेवटी साधनांची यादी. पूर्वसूरींचा आढावा, सैद्धांतिक चौकट, हे सगळं गाळा. लिहून झाल्यावर इतिहास न शिकलेल्या एकाला वाचायला द्या आणि जिथे तो थांबेल तिथे खूण करा.

असे दोन नमुने पुरतात. त्यातला एक तुम्हाला जिथे जायचं आहे त्या क्षेत्राचा असू द्या: दप्तरासाठी एका पेटीची वर्णनसूची, मौखिक इतिहासासाठी संमतिपत्रासह एक मुलाखत, प्रॉव्हेनन्ससाठी एका वस्तूची मालकीची साखळी, तुटलेले दुवे उघड दाखवून.

पायरी ७: सीव्ही आणि मुलाखत

सीव्हीत "अमुक शतकातील सागरी व्यापाराचा चिकित्सक अभ्यास" असं असेल तर ते खोडा. "सुमारे ४००० हस्तलिखित नोंदी वाचून माहितीसंच तयार केला, चुकीच्या नोंदी ओळखण्याची पद्धत बसवली, सात महिन्यांचं काम वेळेत पूर्ण केलं" असं लिहा. प्रबंधाचं शीर्षक खाली एका ओळीत राहू द्या. शोधनिबंधांची यादी लांबलचक नको.

मुलाखतीत "इतिहास शिकून इकडे कसे?" हा प्रश्न येणारच. खुलासा द्यायला लागू नका. एक छोटी घटना सांगा, जिथे पुरावे एकमेकांशी जुळत नव्हते, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय ठरवलंत. "जुळलं नाही, म्हणून तसंच लिहिलं" हे उत्तरही चांगलं असतं, जाणकार मुलाखतकार त्याची कदर करतात.

पायरी ८: छोटं काम घेताना

पहिलं काम पुष्कळदा तीन-चार महिन्यांचं, ठरावीक मोबदल्याचं असतं. दर सांगण्याआधी कागद डोळ्यांनी पाहा. पेट्या मोजा, एक पेटी पूर्ण करून घड्याळ लावा, गुणाकार करा, वर किमान चौथा हिस्सा जोडा. भिजलेले कागद, वाचता न येणारं हस्ताक्षर, हरवलेल्या किल्ल्या हे धरायचं राहून जातं. फुकट काम मागितलं तर मुदत आणि नमुना म्हणून वापरण्याची परवानगी लिहून घ्या. मुदत नसलेलं फुकट काम घेऊ नका.

करारात दोन गोष्टी आग्रहाने घाला. एक, तुम्ही काढलेल्या टिपणांवर आणि छायाचित्रांवर हक्क कुणाचा, आणि काय गुप्त ठेवायचं. दोन, निष्कर्ष काम देणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला तरी अहवाल तसाच दिला जाईल आणि मोबदला पूर्ण मिळेल. माझ्या सुरुवातीच्या एका कामात संस्थापकांविषयीची लाडकी कथा कागदांत कुठेच सापडेना. ती "थोडी जुळवून घ्या" असं मला सुचवण्यात आलं. मी "ही कथा प्रथम अमुक स्मरणिकेत येते, त्याआधीचा पुरावा मिळाला नाही" एवढंच लिहिलं. अवघड गेलं, पुढचं काम तिथे मिळालं नाही. पण तोच अहवाल पुढे नमुना म्हणून दाखवून मला कायमची नोकरी मिळाली. मुलाखत घेणाऱ्यांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

पायरी ९: पहिला महिना

काही बदलायला घेऊ नका. कुठली कागदं कुठे जन्माला येतात, कुणाच्या टेबलावरून जातात आणि कुठे जाऊन पडतात, याचा एक कच्चा नकाशा काढा. ईमेल आणि कुणाच्या तरी फोनमधली छायाचित्रंही त्यात धरा. जिन्याखाली, लोखंडी कपाटाच्या मागे, बंद पडलेल्या संगणकात काय आहे ते विचारा. आणि लवकरच निवृत्त होणारं कोण आहे, हे पहिल्या आठवड्यातच शोधून काढा. कुठल्या फायलीला कार्यालयात काय म्हणतात आणि कुठलं रजिस्टर कधी बंद झालं, हे त्यांनाच माहीत असतं. त्यांची वेळ आधी मागून घ्या, आणि भेटायला जाताना वही आणि रेकॉर्डर दोन्ही न्या.